गॅरेजमध्ये पुन्हा गाडी लावायची असेल तर

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की आधी मेकॅनिकचं दुकान आठवतं. घरातल्या त्या जागेला कुणी पार्किंग म्हणतं, कुणी शटरची खोली. रो-हाउसच्या किंवा छोट्या बंगल्याच्या नकाशात ती गाडीसाठी असते. राहायला आल्यावर तीन-चार वर्षांत गाडी रस्त्यावर उन्हात उभी राहू लागते आणि आत बंद पडलेला फ्रीज, उरलेल्या फरशा, मोडकी सायकल, आजीचा तांब्याचा बंब आणि मागच्या गणपतीचं मखर सुखानं नांदू लागतं.

हे आवरायला घेतलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी रॅक आणतात. त्यानं पसारा फक्त जमिनीवरून फळीवर चढतो. शिवाय रॅक कुठल्या मापाचा हवा, भिंत तो पेलेल का, त्यामागे ओल आहे का, यातलं काहीच तेव्हा माहीत नसतं. क्रम असा हवा: गाडीचं माप, मग सामान बाहेर, मग एकेका वस्तूचा निकाल, मग ओल-वाळवीचा बंदोबस्त आणि शेवटी रॅक. एका गाडीच्या गॅरेजला दोन माणसं आणि दोन पूर्ण दिवस लागतात. भिंतीला डागडुजी लागली तर मध्ये आठवडा जातो.

खडूनं गाडी काढा

आधी रिकामी जागा किती आहे ते गाडीला विचारायचं. खोलीची लांबी-रुंदी टेपनं मोजा. भिंतीतून पुढे आलेले खांब असतील तर खांबापासून मोजा, भिंतीपासून नाही. गाडीची मापं कंपनीच्या पुस्तिकेत असतात, पण तिथली रुंदी आरसे सोडून दिलेली असते, हे लक्षात ठेवा.

उदाहरणार्थ, खोली १० × १७ फूट, म्हणजे ३०५ × ५१८ सेंमी. गाडी २०२४ ची स्विफ्ट: लांबी ३८६ सेंमी, रुंदी १७३.५ सेंमी. ड्रायव्हरच्या बाजूला दार उघडून माणूस बाहेर पडायला ७० सेंमी लागतात. दुसऱ्या बाजूला आरसा मिटून ३० सेंमी मोकळे ठेवले की उरतात जेमतेम ३१ सेंमी. म्हणजे त्या बाजूच्या भिंतीला एक फूट खोलीचा, १२ इंची रॅक बसेल, त्याहून मोठा नाही. लांबीत शटरपाशी २० सेंमी सोडले आणि मागच्या भिंतीला ४५ सेंमीचा रॅक धरला, तर रॅक आणि बंपर यांच्यात ६७ सेंमी राहतात. तेवढ्यात उभं राहून वाकता येतं. त्याच खोलीत नेक्सॉन (३९९.५ × १८०.४ सेंमी) लावायची तर बाजूची पट्टी २५ सेंमीच्या आत येते आणि तिथं रॅकचा नाद सोडून फक्त खुंट्या लावाव्या लागतात.

ही आकृती जमिनीवर खडूनं प्रत्यक्ष काढा. कागदावर सगळं बसतं, जमिनीवर बसत नाही.

आता ज्या जागा कायम मोकळ्या हव्यात त्यांवर फुल्या मारा. विजेच्या मीटरसमोर किमान एक मीटर, म्हणजे रीडिंग घेणाऱ्याला किंवा रात्री मेन स्विच बंद करायला धावत आलेल्या माणसाला कशावरही चढावं लागू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीभोवती हवा खेळेल एवढी जागा. शटर वर गुंडाळलं जातं तो भाग आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या. आणि पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण. अनेक घरांत ते नेमकं याच खोलीत असतं आणि त्यावर रंगाचे डबे, खतांच्या पिशव्या रचलेल्या असतात. झाकणाच्या फटीतून काय खाली झिरपतं याचा विचार केला की पुढचं सांगावं लागत नाही.

मुहूर्त

हे काम मे महिन्यात करा. कोकण-मुंबईकडे मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो. त्याआधी भिंती खडखडीत वाळलेल्या असतात आणि बाहेर काढलेल्या गाद्या, ट्रंका, लाकूड यांना फुकटचं कडक ऊन मिळतं. सकाळी साडेसहाला सुरू करून अकराला थांबा, पुन्हा चारला लागा. एक मात्र आहे: मेमध्येच दुपारनंतर वळीव कोसळतो. अंगणात सगळं मांडलेलं असताना आभाळ भरून आलं तर १८ × २४ फुटांची ताडपत्री आणि चार विटा हाताशी असाव्यात. ताडपत्री शोधायला त्याच ढिगाऱ्यात शिरावं लागणार असेल तर ती आदल्या दिवशीच काढून ठेवा.

बाहेर काढताना

पाय पूर्ण झाकणारे बूट, जाड हातमोजे, नाकाला मास्क. शटर उघडून अर्धा तास हवा येऊ द्या. विटा, फरशा, कौलं, लाकडाच्या फळ्या यांच्या थप्पीत हात घालून उचलू नका. आधी काठीनं वरची वस्तू आपल्यापासून दूर ढकला. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याशी अशा थप्पीत विंचू आणि फुरसं दोन्ही सापडतात. साप दिसला तर खोली सोडून बाहेर या आणि सर्पमित्राला बोलवा. लाल विंचू चावला तर मंत्र, कांदा यात वेळ न घालवता दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून या दंशावर वेळेत गेलेल्या माणसाला वाचवता येतं, फक्त वेळेत जावं लागतं.

थोडं बाहेर, थोडं आत असं करू नका. खोली पूर्ण रिकामी व्हायला हवी, नाहीतर मागच्या कोपऱ्याची पाळी कधीच येत नाही, आणि ओल-वाळवी असते ती नेमकी तिथंच.

निकाल

अंगणात दोरीनं किंवा खडूनं चार चौकोन आखा: राहील, द्यायचं, भंगार, धोक्याचं. पाचवी एक पत्र्याची ट्रंक 'ठरत नाही' यासाठी. एकच. ती भरली की नवीन वस्तू टाकायला जुनी काढायची. तिच्यावर आजची तारीख रंगवा.

'वर्षभर वापरलं नाही तर टाका' हा नियम आपल्या घरांत सरळ लागू पडत नाही. मखर, आकाशकंदील, किल्ल्यावरचे मावळे, कुरडयांचा सोऱ्या, पंगतीचे पाट या वस्तू वर्षातून एकदाच निघतात आणि त्यांची जागा हक्काची असते. त्यामुळे कसोटी अशी ठेवा: मागच्या दोन गणपतींच्या मधल्या काळात ही वस्तू कशासाठी तरी बाहेर आली का? नसेल तर ती 'राहील'मध्ये जात नाही. लग्नकार्याच्या मोठ्या पातेल्यांसाठी कालावधी पाच वर्षं धरा. पण हल्ली घरच्या कार्याला केटरर स्वतःची भांडी आणतो, हेही स्वतःला सांगा.

दुसऱ्याच्या वस्तूचा निकाल आपण लावायचा नाही. सासूबाईंचा हंडा, मुलाचे क्रिकेटचे पॅड, भावाची पुस्तकं यांची वेगळी रांग करा आणि मालकाला त्याच दिवशी, त्याच अंगणात विचारा. परगावी असेल तर फोटो पाठवा आणि उत्तरासाठी आठ दिवस द्या. या कामात भांडणं होतात ती पसाऱ्यावरून नाही, न विचारता दिलेल्या एखाद्या वस्तूवरून.

काही गोष्टींचा निकाल वादाशिवाय लागतो. उघडलेली सिमेंटची गोण: मूठभर घेऊन दाबा. गुठळ्या बोटांत भुगा होत असतील तर किरकोळ भराव्याला चालेल. खड्यासारख्या कडक असतील तर ती गेली. उरलेल्या फरशा सगळ्या नको, पण एक खोकं ठेवाच, कारण पाच वर्षांनी तीच छटा बाजारात मिळत नाही. ६०० × ६०० मिमीच्या फरशीच्या खोक्यात बहुधा चार नग असतात, ते १.४४ चौरस मीटरला पुरतात. खोक्यावरचा शेड आणि बॅचचा क्रमांक फाडून टाकू नका. कापसाची जुनी गादी गॅरेजमध्ये कधीच ठेवू नका: पावसाळ्यात ती ओल शोषते, मग बुरशी, मग उंदरांची बाळंतपणं. कापूस चांगला असेल तर पिंजून नवी करून घ्या, नसेल तर द्या. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. जुनं मखर तसलं असेल तर मोडून सुक्या कचऱ्यात द्या, जाळू मात्र नका.

भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी धातू वेगळे करा. एकत्र ढीग दाखवला की सगळ्याला लोखंडाचा भाव लागतो. लोहचुंबक फिरवा: चिकटतं ते लोखंड किंवा पत्रा. चिकटत नाही त्यात पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि बहुतेक स्टीलची भांडी येतात. बिडाचा भाव वेगळा, पुठ्ठ्याचा आणि वर्तमानपत्राच्या रद्दीचा वेगळा. पंपाच्या जळलेल्या मोटरमध्ये तांब्याची तार असते, ती लोखंडात देऊ नका. ५० किलोपर्यंतचा डिजिटल हूक-काटा घरी असला तर काट्यात मारलं जात नाही. तुम्ही आधी वजन करून कागदावर लिहिलेलं दिसलं की सौदा आपोआप सरळ होतो. तांब्या-पितळेची जुनी, हातघडणीची भांडी मोडीत घालण्याआधी जुन्या वस्तूंच्या एखाद्या दुकानात दाखवा. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार अशा वस्तूंसाठीच ओळखला जातो. कपडे बोहारणीला, आणि पुण्यात असाल तर मोठं सामान 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांमार्फतही जातं.

जुना संगणक देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. बँकेची पासबुकं आणि आधारच्या झेरॉक्स रद्दीत तशाच टाकू नका, फाडा.

धोक्याचा चौकोन

हा चौकोन सगळ्यात लहान असतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो.

जुनी इन्व्हर्टरची बॅटरी. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५०-६० किलोची असते. एकट्यानं उचलू नका आणि तिरकी करू नका, आत अ‍ॅसिड असतं. 'कधीतरी चार्ज करून बघू' म्हणून ठेवलेली शिसे-अ‍ॅसिड बॅटरी काही महिने उतरलेल्या अवस्थेत पडली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती सहसा सावरत नाही. नवीन घेताना जुनी दुकानदाराकडे परत करा, तिचे पैसे मिळतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. अ‍ॅसिड गटारात ओतून फक्त शिसं विकणाऱ्याला बॅटरी देऊ नका.

चालू बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. त्यामुळे तिला कपाटात बंद करायचं नाही, वर बंद फळी ठोकायची नाही आणि शेजारी थिनर, पेट्रोल, स्प्रे रंग ठेवायचे नाहीत. गॅसचा जादा सिलिंडरही या खोलीत नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, टाकीत आणि चेंबरमध्ये उतरतो, आणि शटर बंद असलं की तिथंच साठतो. ठिणगी द्यायला इन्व्हर्टर आहेच.

गवत कापायच्या यंत्रातलं आणि फवारणीच्या पंपातलं पेट्रोल काढून गाडीत वापरून टाका. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल किंवा थिनर ठेवणं तर कधीच नाही. घरात लहान मूल असो वा नसो, तहानलेला प्लंबर असतो. दिवाळीतून उरलेले फटाके ही आणखी एक नेहमीची सापडणारी वस्तू. सादळलेले फटाके वाळवायला ठेवू नका. बादलीत रात्रभर पाण्यात बुडवा आणि मग टाका.

रंगाचा डबा असा तपासा: झाकणाच्या कडेला गंज उतरलेला असेल तर उघडण्याआधी पुसून घ्या, नाहीतर तो आत पडतो. ऑइल पेंटवर साय धरलेली असेल तर चाकूनं कडेनं कापून ती अखंड काढा. खाली रंग ढवळून एकसारखा झाला तर चांगला आहे. इमल्शनचा वास आंबूस येत असेल किंवा दह्यासारखे गोळे झाले असतील तर ढवळून उपयोग नाही. डब्यात पावाहून कमी रंग उरला असेल तर काचेच्या छोट्या बरणीत तोंडापर्यंत भरा. रंग खराब होतो तो डब्यातल्या रिकाम्या हवेमुळे. बरणीवर शेडचा क्रमांक आणि 'हॉल' किंवा 'जिना' एवढं लिहा. टाकायचा रंग वाळूत किंवा लाकडाच्या भुशात कालवून उघड्यावर पूर्ण सुकवा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. जवसाच्या तेलानं पॉलिश केलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात ठेवल्या तर स्वतःच तापून पेटू शकतात. त्या दोरीवर पसरून वाळवा.

सीएफएल आणि जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. फुटली तर दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग तुकडे जाड कागदानं गोळा करा. झाडूनं किंवा व्हॅक्यूमनं पारा उडतो.

रिकामी खोली वाचा

रिकाम्या खोलीत टॉर्च घेऊन भिंतीच्या तळाशी उकिडवे बसा. मे महिन्यात ओल दिसत नाही, पण तिच्या खुणा दिसतात: रंगाचे फुगे, पोपडे, पांढरा पिठासारखा क्षार. ही खूण जिथंपर्यंत चढली आहे तिथं पेन्सिलीनं रेघ मारा. तेवढ्या उंचीपर्यंत पुढच्या जुलैत भिंत ओली होणार आहे. जमिनीसाठी एक सोपी चाचणी आहे: दीड फूट चौरसाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं फरशीवर डकवा आणि एक दिवसरात्र ठेवा. थेंब खालच्या बाजूनं धरले तर ओल जमिनीतून येते, वरच्या बाजूनं धरले तर हवेतून. हीच चाचणी ऑगस्टमध्ये पुन्हा करा, खरं उत्तर तेव्हा मिळतं.

ओलीवर ऑइल पेंट मारणं हा सर्रास केला जाणारा चुकीचा उपाय. पाणी आत कोंडतं आणि पुढच्या पावसाळ्यात अख्खी साल सुटून येते. कारण बाहेर शोधा. बाहेरची माती खोलीच्या जमिनीपेक्षा उंच आहे का? भिंतीला टेकून कुंड्यांची रांग आहे का, तिचं रोजचं पाणी जिरतंय का? गच्चीचा पाइप भिंतीच्या पायथ्याशीच सुटतो का? निम्म्या घरांत कुंड्या दोन फूट पुढे सरकवणं आणि पाइपला एक बाक जोडणं एवढ्यावर काम भागतं.

वाळवीची मातीची नळी भिंतीवर दिसली तर लगेच पुसू नका. मधला दोनेक सेंटिमीटरचा तुकडा नखानं खरवडा आणि दोन दिवसांनी बघा. तुकडा पुन्हा बांधलेला असेल तर वाळवी चालू आहे. तसाच उघडा असेल आणि माती कोरडी भुरभुरत असेल तर ती वाट सोडलेली असू शकते, तरी शेजारच्या चौकटी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर लाकूड आतून गेलंय. रॉकेल शिंपडून दिसणारी वाळवी मरते, वारूळ मातीत सुरक्षित राहतं. पेस्ट कंट्रोलवाल्याला जमीन-भिंतीच्या सांध्यात औषध भरायला सांगा: साधारण १२ मिमीची भोकं, ३० सेंमी अंतरावर, औषध सोडून मग सिमेंटनं बंद. नुसती फवारणी करून जाणाऱ्याला पैसे देऊ नका. भोकं पाडण्याआधी टाकीची भिंत आणि पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते त्याला दाखवा.

उंदीर शटरखालून येतात. उंदराच्या पिल्लाला सहा मिलिमीटरची फट पुरते. शटर खाली ओढून अंधारात आतून बघा. जिथून उजेड येतो तिथून तेही येतात. खालच्या पट्टीला रबर लावून घ्या. गाडीचं वायरिंग कुरतडलं की जो खर्च येतो त्यापुढे हा काहीच नाही.

भिंत आणि रॅक

आता रॅक. घरासाठी स्लॉटेड अँगलचा रॅक सगळ्यात सोयीचा: भोकं पाडलेले लोखंडी अँगल, वर पत्र्याच्या फळ्या, नट-बोल्टनं जोडायचे, उंची हवी तशी बदलायची. खांबाला १४ गेज, म्हणजे साधारण २ मिमी जाडीचा अँगल घ्या. फळी हलकं सामान असेल तर २२ गेज चालते, हत्यारं-रंग यांसाठी २० किंवा १८ गेज. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे दुकानात उलटं समजून फसगत होते. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या मागून घ्या, त्यांच्याशिवाय रॅक डुलतो.

माप ठरवताना आधी डबे ठरवा. भाजी मंडईतले जाळीचे क्रेट गॅरेजसाठी उत्तम: मजबूत, हवा खेळते, आतलं सामान सादळत नाही. नेहमीचा मोठा क्रेट सुमारे ५४ × ३६ सेंमीचा असतो. आता तीन फुटी, १८ इंची फळी घ्या, म्हणजे ९० × ४५ सेंमी. क्रेट आडवा ठेवला तर एकच बसतो आणि ३६ सेंमी वाया जातात. उभा ठेवला तर दोन बसतात, पण ९ सेंमी बाहेर डोकावतात आणि येता-जाता मांडीला लागतात. चार फुटी फळी, म्हणजे १२० सेंमी घेतली तर दोन क्रेट आडवे बसून वर १२ सेंमी उरतात. तयार फळी त्या लांबीची नसेल तर अँगलवर १८ मिमीचा प्लायवुड कापून टाका. रॅक आधी आणि डबे मागून घेणाऱ्यांची ही ठरलेली फजिती.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून या खोलीच्या जमिनीला गेटकडे उतार दिलेला असतो. उतार मीटरला एक सेंटिमीटर असला, तरी मागच्या भिंतीला लावलेला सात फुटी रॅक वरच्या टोकाला दोन सेंटिमीटरहून जास्त पुढे झुकतो. भरला की आणखी. म्हणून पुढच्या दोन पायांखाली चार-पाच मिलिमीटरची पट्टी घाला, ओळंबा लावून बघा आणि वरचं टोक एल-पट्टीनं भिंतीला बांधा. पाय थेट फरशीवर नकोत: प्लास्टिकचे बूट आणि खाली कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा. ओल्या जमिनीवर अँगलचा तळ तीन-चार पावसाळ्यांत गंजून कागदासारखा होतो, आणि वरून रॅक ठणठणीतच दिसत असतो.

मागच्या रॅकची पाठ भिंतीपासून ५ सेंमी दूर, म्हणजे आधीच्या हिशोबातले ६७ सेंमी ६२ होतात. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून ३० सेंमीवर किंवा पेन्सिलीच्या रेघेच्या वर, जे जास्त असेल ते.

भिंतीत भोक पाडताना आधी भिंत कसली ते बघा. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, करडी आणि कडक तर काँक्रीट, पांढरट-करडी आणि लोण्यासारखी सहज तर एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा. प्लास्टर १२ ते २० मिमी जाड असतं. छोटा गट्टू घातला तर तो प्लास्टरमध्येच अडकतो आणि वजन आलं की पोपड्यासकट बाहेर येतो. ८ मिमीचा गट्टू किमान ५० मिमी लांब घ्या, भोक त्याहून सेंटीमीटरभर खोल पाडा आणि आतली धूळ पंपानं किंवा नळीनं फुंकून काढा. धूळ राहिली तर गट्टू फिरतो. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवून ड्रिल करा आणि त्याचेच खास नायलॉन गट्टू मागा. लोखंडी अँकर बोल्ट तिथं फुलला की ब्लॉक फुटतो. मीटरच्या किंवा स्विचच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर त्याच रेषेत असते.

मांडणी

खाली जड, कमरेपासून खांद्यापर्यंत रोजचं, वर वर्षातून एकदाचं. फरशांचं खोकं सगळ्यात खाली, फरशा उभ्या. कमरेच्या उंचीवर हत्यारं, पंक्चरचं सामान, बल्ब, नळाचे वॉशर. वर मखर, आकाशकंदील, सतरंज्या. क्रेट १५ किलोच्या वर भरू नका. शिडीवरून काढताना त्याहून जड वजन सावरत नाही.

सणांचं सामान सणानुसार एकत्र ठेवा, वस्तूनुसार नाही. गणपतीच्या क्रेटमध्येच त्याच्या दिव्यांच्या माळा, एक्स्टेंशन बोर्ड, दोरी, टाचण्या. माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, नाहीतर चतुर्थीच्या आदल्या रात्री गुंता सोडवण्यात बारा वाजतात.

तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून घासा, एक दिवस उन्हात पूर्ण वाळवा आणि जुन्या सुती साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून हिरवे डाग धरतात. हत्यारांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. सायकल भिंतीवर उभी टांगायची तर हूक जमिनीपासून १९० सेंमीच्या आसपास. मागचं चाक जमिनीला टेकत नाही ना ते एकदा धरून बघा आणि मग भोक पाडा. ड्रायव्हरच्या बाजूच्या भिंतीवर झाडू, नळी, छत्र्या एवढंच, भिंतीपासून १५ सेंमीच्या आत. पुठ्ठ्याची खोकी एकही नको, वाळवीचं ते आवडतं खाद्य.

नावं क्रेटच्या दोन बाजूंना, मराठीत, जाड अक्षरांत. कागदी चिकटपट्टी पहिल्याच पावसाळ्यात सुटते, ऑइल पेंटच्या मार्करनं थेट लिहा. शटरच्या आतल्या बाजूला एक यादी: कुठल्या फळीवर काय. घरातल्या ज्या माणसानं हे आवरलं नाही त्याला ती यादी वाचून एक वस्तू शोधायला सांगा. दोन मिनिटांत सापडली नाही तर मांडणी पुन्हा बघा.

दिवा गाडीच्या टपावर नको, तिथं त्याचा उजेड टपच खातो. चार फुटी, २० वॉटची एलईडी पट्टी रॅक आणि बॉनेटच्या मधल्या जागेवर, रॅककडे उजेड पडेल अशी.

शेवटी गाडी आत घ्या, खडूच्या आकृतीवर नीट उभी करा. छताला दोरीनं टेनिसचा चेंडू असा टांगा की तो पुढच्या काचेला जेमतेम टेकेल. पुढच्या वेळी चेंडू टेकला की ब्रेक. पुढच्या चाकांपुढे लाकडी ठोकळा. चारही दारं आणि डिकी उघडून बघा, शटर पूर्ण खाली ओढून बघा. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन रॅकच्या मागे, पेन्सिलीच्या रेघेपाशी एकदा वाका. 'ठरत नाही'ची ट्रंक पुढच्या गणपतीला उघडायची आहे, तारीख तिच्यावर रंगवलेलीच आहे.